माळ्यावरच्या जुन्या अंकांचं काय करायचं?

दिवाळीआधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून एखादं सुतळीनं बांधलेलं बाड खाली येतं. वर बोटभर धूळ, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. सुतळी सोडली की आतून 'दीपावली', 'रत्नप्रभा', 'किर्लोस्कर', 'चांदोबा' बाहेर पडतात. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड इथल्या ज्या घरांत कधीकाळी कुणी शिक्षक, वकील किंवा जिनिंगमध्ये मुनीम होतं, त्या घरांत असं बाड असण्याची शक्यता बरीच. मग प्रश्न निघतो: याला काही किंमत आहे का? ठेवायचं का, आणि ठेवायचं तर कसं?

या प्रश्नाचं उत्तर एका दमात देता येत नाही. आधी हाती आलंय ते काय, कधीचं आणि कसं छापलेलं, हे ओळखायला शिकावं लागतं. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तेवढी सवड काढावी, एवढीच विनंती.

१. मुखपृष्ठाला एवढं महत्त्व का?

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकाची चाल पडली. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. कारखान्याच्या नांगरांची माहिती देणारं हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, स्वतः चित्रकार होते. 'टाकाच्या फेकी' या नावानं त्यांची व्यंगचित्रं येत. मागोमाग १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं.

त्या काळी जिल्ह्याच्या गावात चित्रांचं प्रदर्शन पाहायला मिळणं दुरापास्त होतं. रंगीत चित्र घरात यायचं ते दोनच वाटांनी, भिंतीवरच्या कॅलेंडरातून आणि मासिकाच्या मुखपृष्ठावरून. मुंबईच्या चित्रकारानं काढलेलं चित्र महिन्याभरात घाटंजीच्या किंवा राळेगावच्या ओसरीवर पोहोचायचं, आणि घरातली पोरंसोरं, आजी, शेजारची माणसं ते हातात घेऊन निरखायची. आपल्या तीन पिढ्यांची चित्र बघण्याची नजर या मुखपृष्ठांनी घडवली, असं मी पूर्ण विचारांती म्हणतो.

मराठीत आणखी एक वेगळी गोष्ट घडली. चित्रकारच मासिकांचे मालक झाले. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केलं. रघुवीर मुळगावकरांनी 'रत्नप्रभा' आणि 'रत्नदीप' काढले. बाळ ठाकरे यांनी १९६० साली 'मार्मिक' काढलं तेव्हा मुखपृष्ठावरचं व्यंगचित्र हाच साप्ताहिकाचा अग्रलेख असल्यासारखा होता. जिथे चित्रकार स्वतः अंकाचा धनी असतो, तिथे मुखपृष्ठ म्हणजे नुसतं वेष्टन राहत नाही.

यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि २०१९ साली अरुणा ढेरे. ज्या जिल्ह्यानं मराठी अक्षरावर इतकं प्रेम केलं, त्यानं अक्षराच्या दारावरचं हे चित्रही आपलं मानावं.

२. चित्र कुणाचं?

आधी खालचे कोपरे पाहावेत, सही बहुधा तिथेच असते. सही नसेल तर अनुक्रमणिकेच्या पानावर किंवा शेवटच्या पानावर 'मुखपृष्ठ' असं लिहून नाव दिलेलं असतं. तेही नसेल तर हात ओळखायचा.

दलाल (१९१६-१९७१) आणि मुळगावकर (१९१८-१९७६) दोघेही मूळचे गोव्याचे, वयानंही जवळपास सारखे. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर फरक पटकन डोळ्यांत भरतो. दलालांचा जोर रेषेवर. कुंचल्याचा एकच फटकारा पदराची घडी, मानेचं वळण आणि अंगातला डौल सांगून जातो. रंग सपाट आणि धीट, मांडणी सजावटीची. मुळगावकरांच्या चित्रात रेष शोधावी लागते. गालावरची छटा कुठे संपली आणि उजेड कुठे सुरू झाला ते कळत नाही. चेहरे मऊ, डोळे मोठे आणि पाणीदार. त्यांच्या देवादिकांची चित्रं कॅलेंडरांतून घरोघरी पुजली गेली.

विनोदी अंकांचं घराणं वेगळं. अनंत अंतरकरांच्या 'हंस', 'मोहिनी', 'नवल' या मासिकांपैकी 'मोहिनी'वर शि. द. फडणीसांनी शब्दांवाचून हसवणारी रंगीत मुखपृष्ठं केली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचं त्यांचं एक मुखपृष्ठ जुने वाचक अजून विसरलेले नाहीत: तरुणाच्या शर्टावर मांजरांची नक्षी आणि तरुणीच्या साडीवर उंदरांची. मधुकर पाटकरांचा 'आवाज' १९५१ पासूनचा. त्यातली खिडकीचित्रं, म्हणजे कापलेल्या चौकटीतून एक दिसतं आणि पान उलटल्यावर भलतंच निघतं. 'ललित'च्या दिवाळी अंकांवर वर्षानुवर्षं वसंत सरवट्यांची चित्रं असत.

मुलांच्या मासिकांत 'चांदोबा' सगळ्यांत आधी आठवतो. मद्रासहून १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेल्या 'चंदामामा'चं हे मराठी रूप. वड्डादि पापय्यांची मुखपृष्ठं आणि शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांच्या डोळ्यांसमोरून तो हलत नाही. इथे एक उपयोगाची खूण सांगतो. निरनिराळ्या भाषांतल्या आवृत्त्यांची चित्रं सर्वसाधारणपणे एकच असत. आपल्या 'चांदोबा'चं मुखपृष्ठ फाटून गेलं असेल तर त्याच महिन्याचा हिंदी किंवा तेलुगू अंक शोधावा. पांढरकवड्याकडचा पट्टा तेलंगणाच्या सीमेला लागून असल्यानं आपल्याकडे हे अगदीच अशक्य नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१ साली सुरू झालं. शाळांनी जपलेले त्याचे जुने अंकही आता संग्रहात यायला हवेत.

३. भिंगाखाली काय दिसतं?

एक साधं भिंग घ्या. कापडाच्या व्यापारात धागे मोजायला घडीचं छोटं भिंग वापरतात, छापखान्यातही तेच चालतं. ते मुखपृष्ठावरच्या गालावर किंवा आकाशावर टेकवा. सलग वाटणारा रंग फुटून बारीक ठिपके दिसू लागतील. वेचणीला आलेली कपाशी लांबून एकसंध पांढरी दिसते आणि धुऱ्यावरून आत शिरलं की बोंड न् बोंड वेगळं होतं, तसंच हे. छपाईत पिवळा, लाल, निळा आणि काळा एवढ्याच शाया असतात. त्यांचे लहानमोठे ठिपके शेजारी पडतात आणि डोळा त्यांतून शेकडो छटा तयार करतो.

ही झाली पहिली पायरी. आता ठिपक्याची कड पाहा. जुनी मुखपृष्ठं धातूच्या ठोकळ्यांवरून, म्हणजे ब्लॉकवरून छापत. प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा. ठोकळा कागदावर दाबला की शाई ठिपक्याच्या मधून कडेला सरकते, त्यामुळे ठिपक्याभोवती जरा गडद कडी दिसते. कधी पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की अक्षरांचा दाबही हाताला लागतो. पुढे आलेल्या ऑफसेट छपाईत शाई आधी रबरावर आणि तिथून कागदावर येते. तिथे ठिपका सपाट, कडेला कडी नाही. आणि आजच्या घरगुती प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ठिपक्यांची शिस्तच नसते, शाईचे बारीक शिंतोडे विखुरलेले दिसतात.

म्हणजे कुणी १९५०चा 'दीपावली' म्हणून मुखपृष्ठ दाखवलं आणि भिंगाखाली शिंतोडे दिसले, तर ती नक्कल आहे. हे ठरवायला तज्ज्ञाची गरज नाही.

याच भिंगातून आणखी एक गंमत दिसते. एखाद्या मुखपृष्ठावर ओठांचा लाल रंग ओठांच्या जरा बाहेर पडलेला असतो. चार ठोकळे एकमेकांवर केसाइतकेही न चुकता नेमके बसवायचे असत, आणि एक हलला की रंग सरकायचा. मला असा अंक वाईट वाटत नाही. छापणाऱ्या माणसाचा हात तिथे दिसतो.

४. साल कसं काढायचं?

मुखपृष्ठावर 'दिवाळी अंक' लिहिलेलं आहे, पण सालाचा कोपराच फाटलाय, असं नेहमी घडतं. अशा वेळी आतल्या खुणा जोडायच्या.

शके दिलं असेल तर काम सोपं. दिवाळी अंकासाठी शकात ७८ मिळवायचे. शके १८७९ म्हणजे १९५७.

किंमत आण्यांत असेल तर अंक बहुधा १९५७च्या आधीचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. पुढे काही काळ जुना आणि नवा हिशेब शेजारी शेजारी चालला, म्हणून दोन्ही छापलेले असतील तर अंक त्या सांध्यावरचा. 'नये पैसे' लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४. जून १९६४ पासून 'नये' गळून नुसते 'पैसे' उरले. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. त्याआधी 'मुंबई ४' असा नुसता विभागाचा आकडा असायचा.

आपल्या जिल्ह्याच्या वाचकाला एक खास चावी मिळालेली आहे. जुन्या अंकांत विक्रेत्यांची आणि वर्गणीदारांची यादी असते, किंवा पोस्टाने आलेल्या प्रतीवर पत्त्याची चिठ्ठी चिकटलेली असते. त्यात यवतमाळपुढे कंसात काय लिहिलंय ते पाहा. 'मध्य प्रांत व वऱ्हाड' असेल तर २६ जानेवारी १९५० पूर्वीचं. 'मध्य प्रदेश' असेल तर त्यानंतरचं आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचं. 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० पूर्वीचं. पुढे 'महाराष्ट्र'. गाव जागच्या जागी राहिलं आणि दहा वर्षांत त्याच्या पत्त्यावरचं राज्य तीनदा बदललं. पुण्यामुंबईच्या संग्राहकाला ही सोय नाही. लोकांना जुनी सवय सुटायला वेळ लागतो, म्हणून एका खुणेवर न विसंबता दुसरी शोधायचीच.

आता एक उदाहरण करून पाहू. समजा एका अंकाचं मुखपृष्ठ आहे, पण साल नाही. शेवटच्या पानावर किंमत '२ रुपये ५० नये पैसे'. म्हणजे १९५७ ते १९६४. वर्गणीदाराच्या चिठ्ठीवर 'यवतमाळ, मुंबई राज्य'. म्हणजे मे १९६०च्या आधीचा. दिवाळ्या उरल्या तीन: १९५७, १९५८, १९५९. आत 'मधुमती' गर्दी खेचत असल्याची जाहिरात. हा चित्रपट १९५८चा. त्याच वर्षीच्या दिवाळीवर बोट ठेवायला आता हरकत नाही. पाच मिनिटांचं काम, आणि लागलं काय तर शेवटचं पान, एक चिठ्ठी आणि एक जाहिरात.

शासकीय संदेश असेल तर मुख्यमंत्र्यांचं नाव पाहावं. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या पदावर होते. त्यांचा संदेश असलेला अंक याच अवधीतला.

अंक फारच बारीक असेल, कागद हलका असेल, तर दुसऱ्या महायुद्धाचा काळ मनात आणावा. तेव्हा कागदावर सरकारी नियंत्रण होतं आणि मासिकांची पानं घटली होती. १९५०पर्यंतच्या नियतकालिकांची नोंद शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सूचीत मिळते. मोठ्या ग्रंथालयात ती मागून पाहता येते.

५. मुखपृष्ठ कापू नका

या प्रकरणातलं माझं सगळ्यांत आग्रहाचं म्हणणं हेच. पुष्कळ लोक मुखपृष्ठ तेवढं कापून फ्रेम करतात आणि बाकीचा अंक रद्दीत देतात. वरचं उदाहरण पुन्हा पाहा. साल ज्यांच्यामुळे सापडलं त्या तिन्ही गोष्टी मुखपृष्ठावर नव्हत्या. चित्रकाराचं नाव आतल्या पानावर, छापखान्याचं नाव शेवटच्या पानावर, ब्लॉक कुणी केले तेही कधीकधी तिथेच. कापलेलं मुखपृष्ठ म्हणजे सातबारा नसलेलं शेत. आपलं आहे हे माहीत असतं, सिद्ध काहीच करता येत नाही.

भिंतीवर लावल्यानं आणखी एक नुकसान होतं. छपाईतल्या शायांपैकी पिवळी आणि लाल उजेडानं आधी उडतात, निळी टिकून राहते. काही वर्षांत मुळगावकरांची गुलाबी नायिका निळसर दिसू लागते. भिंतीवर लावायचंच असेल तर चांगलं छायाचित्र काढून ते लावावं आणि मूळ अंक कपाटात ठेवावा.

अंक अख्खा आहे का, हे तपासताना पानांचे आकडे सलग आहेत का ते पाहायचं. आतली रंगीत चित्रं, विशेषतः देवांची, देवघरात लावायला काढलेली असतात. त्या जागी शिवणीशी कागदाची चिंधोटी राहिलेली दिसते. 'आवाज'च्या खिडक्या फाटलेल्या नाहीत ना, तेही बघावं.

प्रतीवर ग्रंथालयाचा शिक्का असेल तर आणखी एक शिक्का शोधायचा, निर्लेखनाचा. ग्रंथालयं जुने अंक रीतसर नोंद करून काढून टाकतात. ती नोंद असेल तर प्रत निर्धास्त घ्यावी. नसेल तर आधी त्या ग्रंथालयात विचारावं. ते बंद पडलं असेल तर तो शिक्का हीच कदाचित त्याची उरलेली खूण असेल. तो खोडरबरानं घासू नये.

६. मे महिना, श्रावण आणि वाळवी

एकाच अंकाचं मुखपृष्ठ बऱ्यापैकी उजळ आणि आतली पानं चहाच्या रंगाची, असं का होतं? कारण कागद दोन जातींचे. मुखपृष्ठाला बहुधा आर्ट पेपर, पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप दिलेला. आतला कागद स्वस्त, लाकूड भरडून केलेला. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. झाड ताठ उभं राहतं ते त्याच्या जोरावर. कागदात तो राहिला की हवा आणि उजेड लागून पिवळा पडतो, आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. कापसाच्या धाग्यात लिग्निन जवळजवळ नसतंच. म्हणून कापसाच्या चिंध्यांपासून केलेले जुने हातकागद शेकडो वर्षं टिकले. पांढऱ्या सोन्याच्या या जिल्ह्यात पोहोचलेली मासिकं मात्र लाकडाच्या कागदावर छापलेली होती.

ही झीज उष्णतेनं वाढते. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी चढलं की झिजण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो, आणि टिनाच्या छपराखालचा माळा त्याहून तापतो. तेव्हा अंक माळ्यावर ठेवणं हीच सगळ्यांत मोठी चूक. घराच्या मधल्या खोलीत, उन्हाची भिंत सोडून, लाकडी किंवा लोखंडी कपाटात ठेवावेत.

उन्हाळ्यात सुकलेला कागद जुलैत ओल पितो. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांवर राहिला की बुरशी धरते. आर्ट पेपरला ओलीचा दुसराच धोका. लेप भिजून चिकटतो आणि पानं एकमेकांना अशी धरतात की सोडवताना चित्रच सोलून निघतं. भिजलेला अंक वाळायच्या आत पानांमध्ये साधा कोरा कागद घालून, पंख्याच्या वाऱ्यात सावलीत वाळवावा. पिना पावसाळ्यात गंजतात आणि गंज कागद खातो. मधलं पान उघडून पिनेचे पाय हलकेच उभे करावेत, पीन काढावी आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याचे दोन टाके घालावेत. शिवणकाम येणारं कुणीही हे करू शकतं.

वाळवी जमिनीतून मातीची नळी बांधत भिंतीवरून चढते. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर असला की ती नळी नजरेला पडते. कसर म्हणजे चंदेरी, वळवळणारा किडा. त्याला खळ आणि अंधार आवडतो. पोथ्या सुती बासनात बांधून आत वेखंड ठेवायची जुनी रीत इथेही चालते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, नाहीतर त्याचीच ओल लागते. खरा उपाय म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी कपाट उघडून अंक हाताळणं. ज्या कपाटात माणसाचा हात फिरतो तिथे कीड निवांत बसत नाही.

दोन गोष्टी मुळीच करू नयेत. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि तो डाग जन्मभर जात नाही. आणि लॅमिनेशन करू नये, कारण ते परत निघत नाही.

७. मिळवायचे कुठे, आणि मोल किती?

रद्दीचा खरा हंगाम दसरा ते दिवाळी. त्याच दिवसांत घरं झाडली जातात आणि जुने दिवाळी अंक नव्या दिवाळीच्या तोंडावर बाहेर पडतात. गावातल्या रद्दीवाल्याशी आधीच बोलून ठेवावं की चित्रं असलेली जुनी मासिकं बाजूला काढून ठेवा, किलोच्या भावापेक्षा जास्त देईन. त्याचाही फायदा होतो आणि बाड गठ्ठ्यात जाण्याआधी आपल्या नजरेखालून जातं. नागपूरची जुन्या पुस्तकांची दुकानं, पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईत फ्लोरा फाउंटनचे पदपथ ही पुढची ठिकाणं.

ठरलेला दर असा नाही. चित्रकार कोण, मासिकाचा पहिला अंक आहे का, अंक पूर्ण आहे का आणि स्थिती कशी, यांवर मोल ठरतं. अमेरिकेत नॉर्मन रॉकवेल यांनी १९१६ ते १९६३ या काळात 'सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट'साठी तीनशेहून अधिक मुखपृष्ठं केली. ते अंक लाखांनी छापले गेले, त्यामुळे तिथे साधी प्रत सहज मिळते आणि किंमत येते ती कोऱ्या करकरीत प्रतीला. आपल्याकडे उलट आहे. छापलेच कमी आणि उरले त्याहून कमी, म्हणून जीर्ण प्रतीलाही मान द्यावा. विकायच्या हिशेबानं संग्रह करणाऱ्याला मी फारसं उत्तेजन देणार नाही. एका चित्रकाराच्या किंवा एका मासिकाच्या मागे लागावं. 'दीपावली'ची पहिली दहा वर्षं सलग जमली, तर कागद, छपाई आणि दलालांचा हात कसकसा बदलत गेला हे एका टेबलावर मांडता येईल. तेवढ्यासाठी एखादी नोंदवही ठेवावी: मासिक, महिना, साल, चित्रकार, छापखाना, पानं, स्थिती, आणि अंक कुणाच्या घरून आला.

८. अंक आपला, चित्र कुणाचं?

संग्रह वाढला की मुखपृष्ठांचं कॅलेंडर किंवा पुस्तक काढायची हौस येते. इथे थांबून पाहावं. अंक विकत घेतला म्हणून चित्र छापायचा हक्क मिळत नाही. भारतीय कायद्यानुसार चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचा हक्क २०३१ अखेरपर्यंत. मुळगावकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. तोवर वारसांना किंवा हक्क ज्यांच्याकडे असेल त्यांना विचारून, लेखी परवानगी घेऊनच छापावं. अभ्यासासाठी स्वतःपुरतं छायाचित्र काढून ठेवायला मात्र कुणाची आडकाठी नाही. ते दिवसाच्या उजेडात, थेट ऊन न लागेल अशा खिडकीपाशी, अंक सपाट ठेवून काढावं. मुखपृष्ठाबरोबर शेवटच्या पानाचंही काढावं.